नाकावरचा चिमटा

"नैवेद्य दाखवेपर्यंत शिऱ्याचा वाससुद्धा घ्यायचा नाही हं, उष्टा होतो!" सात वर्षांच्या शाल्मलीला बजावून आत्या सत्यनारायणाची कथा ऐकायला जाऊन बसली.

शाल्मलीचं नाक भलतंच उतावळं. कुठे काही खमंग शिजलं की ते पुढे पळायचं, मागोमाग हात, आणि अक्कल यायची ती धपाटा बसल्यावर. आता तर समोर पातेलंभर शिरा, साजूक तुपातला, केळं-वेलची घातलेला. आणि बाहेर गुरुजी अजून दुसऱ्याच अध्यायात! पण देवाचा शिरा उष्टा झाला तर? शाल्मली खरंच घाबरली. धावत गॅलरीत गेली, दोरीवरचा कपड्यांचा चिमटा काढला आणि नाकावर लावला. डोळ्यांत टचकन पाणी आलं, पण वास पार बंद झाला.

पाचवा अध्याय संपल्यावर आत्या नैवेद्य न्यायला आली. पाहते तर पातेल्यात मधोमध हा एवढा खड्डा, आणि शेजारी नाकाला चिमटा लावलेली, तुपाने माखलेली शाल्मली.

"अगं कार्टे, काय सांगितलं होतं मी तुला?"

"देवाशप्पथ, आत्या," शाल्मली गेंगाण्या आवाजात म्हणाली, "वास एकदासुद्धा नाही घेतला. नुसता खाल्ला."