कार्मिन काय म्हणाली

“मम्मी शेवटचं काय बोलली मला?” जोएलने विचारलं.

तव्यावरचे बोंबील उलटता उलटता डायनाने मान वळवली. “मला काय विचारता, पप्पा? हॉस्पिटलात तिच्याजवळ तुम्ही होता. मी पोचले तेव्हा सगळं संपलं होतं.”

जोएलच्या मांडीवर कादंबरी उघडी होती. होळी गावातल्या वाचक मंडळाचं काम डायना बघायची. महिन्याचं पुस्तक म्हणून तिनेच ती घरी आणली होती. नवरा गेलेल्या एका बाईची गोष्ट. त्या बाईला नवऱ्याचं सगळं आठवत होतं. कुठल्या दिवशी त्याने कुठला शर्ट घातला होता, भात करपला तेव्हा तो काय म्हणाला, शेवटच्या सकाळी तिचा हात धरून कुठली चार वाक्यं बोलला. मंडळातल्या बायका वाचताना रडल्या होत्या. जोएलला रडू आलं नाही. त्याला भीती वाटली.

त्याची बायको कार्मिन जाऊन तीन वर्षं झाली होती. जोएलने डोळे मिटून ती सकाळ आठवून पाहिली. वॉर्डच्या दारावर चिकटवलेली सूचना आठवली. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याचं नाव आठवलं. आपण डब्यात पेज आणली होती तेही आठवलं. कार्मिन ओठ हलवत होती, एवढं दिसलं. पुढे काही नाही.

“एकतीस वर्षं संसार केलात,” डायना म्हणाली, “आणि एवढंसुद्धा लक्षात नाही?”

ती चिडून बोलली नव्हती. पण नंतर जेवण होईपर्यंत तिने बापाकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी जोएल एक कोरी वही घेऊन बाहेर पडला. आधी मेव्हणीकडे गेला. रेजिनाचे डोळे लगेच भरून आले. “कार्मिन? किती गोड गायची! केळींच्या वाडीत काम करतानासुद्धा तोंडात गाणं असायचं.” जोएलने लिहून घेतलं. मग तो पांडूकडे गेला. पांडू पूर्वी त्यांच्या वाडीत कामाला होता. तो हसायलाच लागला. “कार्मिनबाय आन् गानं? वीस वरसं पानी सोडलं मी तुमच्या वाडीत, कधी ऐकलं न्हाय. वरडायची मात्र जोरात.” जोएलने तेही लिहिलं. शेजारीण म्हणाली, ती फार अबोल होती हो, मनातलं कधी सांगायची नाही.

आठवडाभरात अकरा पानं भरली. ती वाचायला घेतली की जोएलसमोर तीन-चार वेगळ्याच बायका उभ्या राहायच्या. एक गायची, एक ओरडायची, एक गप्प बसायची. त्याने पुन्हा कादंबरी उघडली. तिच्यातला नवरा मात्र पहिल्या पानापासून शेवटपर्यंत एकच होता. आपण नेमकं कुणाशी लग्न केलं होतं, हेच जोएलला कळेनासं झालं.

रविवारी मिस्सा झाल्यावर चर्चच्या हॉलमध्ये मंडळाची बैठक होती. कादंबरीच्या लेखिका रीमाताई नायगावहून आल्या होत्या. सत्तरीच्या असतील. पुस्तकाच्या पहिल्या पानावर त्यांच्या दिवंगत नवऱ्याचं नाव छापलेलं होतं, त्यामुळे गोष्ट त्यांचीच हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. बायकांनी कौतुक केलं. कुणी डोळे पुसले. मग डायनाने विचारलं, “आणखी कुणाला बोलायचंय?” आणि तिचा बाप मागच्या रांगेत उभा राहिला.

“ताई, माझी बायको गेली,” जोएल म्हणाला. “तुमच्या पुस्तकातल्या बाईला सगळं आठवतं. मला काय आठवतं सांगू? वाडीत पंप चालू असायचा. ती केळींच्या त्या टोकाला, मी या टोकाला. ती काहीतरी सांगायची. पंपाच्या आवाजात मला ऐकू यायचं नाही. मी आपला हात वर करायचो, ऐकलं म्हणून. ऐकलेलं नसायचं. एवढंच आठवतं. बाकीचं आता लोकांना विचारून वहीत लिहितोय.”

पुढच्या रांगेत कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. डायना हातातल्या माइककडे बघत राहिली.

“माझं तिच्यावर प्रेमच नव्हतं का हो?” जोएलने विचारलं.

रीमाताईंनी चष्मा काढला.

“ती वही पुढे लिहू नका,” त्या म्हणाल्या.

“का?”

“माझंही असंच झालं होतं. ते गेले, आणि वर्षाच्या आत मला त्यांचं बोलणं आठवेना. मी घाबरले. म्हणून मी ते सगळं रचलं. शर्ट रचले. करपलेला भात रचला. शेवटची चार वाक्यंसुद्धा माझीच. दोन वर्षं रोज लिहीत होते.”

हॉलमध्ये कुजबुज झाली. मघाशी डोळे पुसणाऱ्या बाईने पुस्तक पिशवीत टाकलं. जोएल मात्र दोन पावलं पुढे आला.

“पण मग आता आठवतात ना ते?” त्याने विचारलं. त्याच्या आवाजात आशा होती. “नीट, स्पष्ट?”

“अगदी स्पष्ट,” रीमाताई म्हणाल्या आणि त्यांनी पुस्तकावर हात ठेवला. “डोळे मिटले की समोर येतो. पण येतो तो हा, पुस्तकातला. माझा नवरा परत कधी आलाच नाही.”