रुईची अळी

"भूक लागली की खाईल," म्हणत मच्छिंद्रने बरणीत तुतीचं आणखी एक पान टाकलं.

अळीने त्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची ही अळी परवा सत्यशीलाच्या पिशवीला चिकटून आली होती. सत्यशीला सासरहून एकटीच निघून आली होती. मच्छिंद्रने थोरल्या लेकीला चहासुद्धा धड घेऊ दिला नाही, त्याच दिवशी गाडीवर बसवून परत सोडून आला. अळी तेवढी राहिली. धाकट्या प्रियदर्शनीने ती बरणीत ठेवली.

रेशमाच्या शेडमध्ये पंधरा वर्षं काढलेल्या माणसाला अळ्यांबद्दल कोण शिकवणार? नव्या जागी आणलेल्या अळ्या पहिल्या दिवशी तोंड फिरवतात आणि दुसऱ्या दिवशी तुतीचा पाला फस्त करतात, हे त्याने कितीदा तरी पाहिलं होतं. पोरींचंही तसंच असतं, सवय लागते, असं तो बायकोला ठणकावून सांगायचा.

प्रियदर्शनीने कढीपत्ता, लिंबू, एरंड, सगळं घालून पाहिलं. तिसऱ्या दिवशी अळी बरणीच्या तळाशी निपचित पडली. पोरीला रडू फुटलं. तिने वडिलांचा फोन घेतला, स्पीकर लावला आणि ताईला विचारलं, "ताई, तुझ्या पिशवीवर अळी आल्ती, पट्ट्यापट्ट्याची. काय खाते गं ती?"

"रुईची हाय ती," सत्यशीला हळू आवाजात म्हणाली. "दुसरं कायबी खात न्हाई. जल्दी रुईचं पान घाल, न्हाईतर मरंल."

"तुमच्या दारात हाय का रुई?"

"दारात न्हाई. मळ्यात, पडक्या विहिरीच्या काठावर होती. मी रोज जायची तिथं. विहिरीत बघता बघता त्या अळ्यांकडं ध्यान जायचं. किती खायच्या गं! त्यांना बघत बसायची, अन् मंग घरी माघारी यायची."

मच्छिंद्रने हातातला पाला तसाच टाकला. त्याने फोन हिसकावून घेतला.

"सत्यशीला, आत्ता कुठं हायस तू?"

"तिथंच हाय, आप्पा. पण सासऱ्यांनी काल सगळी रुई उपटून टाकली."