कठड्याशी

दीनानाथ पुन्हा कठड्याशी जाऊन उभे राहिले, तशा अहिल्याबाई नाश्त्याची भरलेली प्लेट टाकून उठल्या.

डेकवर वारा होता. खाली समुद्र जहाजाला घासत मागे पळत होता. दीनानाथांनी दोन्ही हातांनी कठडा आवळून धरला होता. डोळे मिटलेले, ओठ हलत होते. मनाशी काही ठरवणाऱ्या माणसाचा चेहरा असाच असतो. अहिल्याबाई जवळजवळ धावल्याच. त्यांनी मागून जाऊन नवऱ्याचा दंड धरला.

"अहो, इथं वारा फार आहे. आत चला."

"तू खाल्लंस?"

"तुम्ही आलात तर खाईन."

दीनानाथ निमूट आत आले. अहिल्याबाईंनी त्यांच्यासमोर बसून इडली संपवली, त्यांनाही संपवायला लावली. शेजारच्या टेबलावर करोलबागचे अरोरा बसले होते. एव्हाना सगळ्या जहाजाला ही जोडी ठाऊक झाली होती.

"भाभीजी, भाईसाब को एक मिनट तो छोड़ दो," अरोरा म्हणाले. "चारों तरफ पानी है, भागेंगे कहाँ?"

अहिल्याबाईही हसल्या. धास्ती त्या पाण्याचीच होती, पण ते अरोरांना कसं सांगणार?

देवयानी जाऊन वर्ष होत आलं होतं. मुलगी पानिपतहून परत येत होती, हायवेवर दाट धुकं होतं, पुढं उभा असलेला ट्रक दिसला नाही. त्यानंतर अहिल्याबाईंनी अंथरूण धरलं. आईच ती, धरणारच. पण नवऱ्याचं वागणं बदलू लागलं आणि त्यांना पडून राहायचीही सोय उरली नाही.

एके दिवशी दीनानाथांनी गॅसचं बुकिंग, बँक, सोसायटीचा मेंटेनन्स, सगळं बायकोला समजावून दिलं आणि वर म्हणाले, आजपासून घराचा चार्ज तुझ्याकडे. मिनिस्ट्रीतल्या माणसाशी संसार केलेल्या बाईला याचा अर्थ सांगावा लागत नाही. बदली झाली किंवा रिटायर झाला, तरच माणूस चार्ज सोडतो. दीनानाथ तर रिटायर होऊन घरी बसले होते. मग आता हे निघाले कुठे? त्या विचारानं अहिल्याबाईंची झोप उडाली.

पुढं गच्चीवरचा प्रकार झाला. इंदिरापुरमची त्यांची सोसायटी नवी होती, गच्चीचा कठडा अजून गुडघ्याएवढाच बांधलेला. अहिल्याबाई वर गेल्या होत्या. कशाला, ते आता त्यांना आठवत नव्हतं, वाळवण असेल. वळून बघतात तो दीनानाथ पाठीमागे उभे, चेहरा पांढराफटक. अहिल्याबाईंनी त्यांना हाताला धरून खाली आणलं. त्या दिवसापासून त्यांनी नवऱ्यावरची नजर हलवली नाही.

क्रूझची कल्पना मुलाची, चैतन्यची. गुडगावच्या त्याच्या कंपनीतले सगळे सिंगापूरला जाऊन बोटीत बसून येत. आईबाबांची उडी सरकारी एलटीसीवर कन्याकुमारीपर्यंत, त्यापुढं नाही. दीनानाथ आधी नकोच म्हणाले. समुद्र नको, हवं तर डोंगरात जाऊ. अहिल्याबाईंनी मात्र हट्ट धरला. बाराव्या मजल्यावरच्या आपल्या घराच्या बाल्कनीपासून माणूस लांब गेलेला बरा, एवढाच त्यांचा हिशेब होता. जहाजाला चहूबाजूंनी कठडा असतो, हे जहाजावर चढल्यावर कळलं. आगीतून फुफाट्यात पडणं म्हणतात ते हेच.

खुणाही चांगल्या नव्हत्या. दीनानाथांची दाढी वाढली होती. सामानात दाढीचं ब्लेडच नव्हतं. जन्मभर गुळगुळीत दाढी करून ऑफिसला जाणारा माणूस हा. आणि अहिल्याबाईंच्या झोपेच्या गोळ्यांची अख्खी बाटली त्यांनी स्वतःच्या खिशात ठेवली होती. रात्री मोजून एक गोळी बायकोच्या हातावर ठेवायचे, बाटली परत खिशात. उरलेल्या कुणासाठी? अहिल्याबाईंना विचारायचं धैर्य झालं नाही.

त्या दुपारी जेवणाआधी त्या केबिनमध्ये जरा आडव्या झाल्या आणि त्यांचा डोळा लागला. जाग आली तेव्हा शेजारचा पलंग रिकामा होता.

त्या अनवाणीच धावल्या. जिन्यात पदर पायात आला, पडता पडता वाचल्या. डेकवर उन्हानं डोळे दिपले. कठड्याशी कुणीही नव्हतं. त्यांनी वाकून खाली पाहिलं. पांढरा फेस, त्याखाली काळं पाणी. आपल्याला उशीर झाला, एवढंच त्यांना कळत होतं.

तेवढ्यात मागून दीनानाथांचा आवाज आला.

ते पाण्यापासून लांब, भिंतीला पाठ टेकून खुर्चीत बसले होते. फुकेतचा किनारा दिसू लागला होता, मोबाइलला रेंज आली होती. चैतन्यशी बोलत होते. अहिल्याबाई मटकन खांबाआड बसल्या. हाक मारावी म्हणून त्यांनी तोंड उघडलं, आणि ते तसंच राहिलं.

"झोपलीय आत्ता," दीनानाथ सांगत होते. "केबिनला खिडकी नाही म्हणून दोन मिनिटं आलो, नाहीतर एकटी बिल्कुल सोडत नाही. गोळ्या माझ्याच खिशात आहेत. ब्लेडही आणलं नाही. इतक्या महिन्यांत तिनं हा बोटीचा प्रवास एवढी एकच गोष्ट मागितली रे, नाही कसं म्हणणार? आता उठेल, पण जेवायला नको म्हणेल. मग मी जाऊन कठड्याशी उभा राहीन. पाणी बघून पोटात गोळा येतो माझ्या, डोळे मिटून रामरक्षा म्हणतो. पण मला तिथं पाहिलं की ती धावत येते. मी उडी मारीन या भीतीनं मला आत नेऊन जेवायला बसवते, आपणही चार घास खाते. तेवढा वेळ तरी ती स्वतः उडी मारायचं विसरते."