कामाचं स्वरूप

आरोग्यविम्याच्या फॉर्मवर सव्वीस प्रश्न होते. मी चोवीसांची उत्तरं लिहिली, दोन जागा कोऱ्या ठेवल्या. सुट्टीतल्या कामाच्या व्हिसावर सहा महिने परदेशी जायचं, तर विमा सक्तीचा. घरी मी प्रयोगशाळेत निवड झाल्याचं सांगितलं होतं. वडिलांनी राजूरच्या गणपतीला नारळ फोडून गावभर पेढे वाटले होते. “पोरगं सायंटिस्ट झालं, शेठ!” विमा एजंट गोपीकिशनशेठला पेढा देत ते म्हणाले. शेठ माझा फॉर्म बघत म्हणाले, “बराबर, पण कामाचं स्वरूप लिहिलंच न्हाई. खोटं निघालं तर दवाखान्याचा खर्चा मिळत न्हाई.” “बागेत संत्री तोडायची,” मी खाली बघत म्हणालो. शेठनी पेढा परत पुड्यात ठेवला. “आपली मोसंबी तोडताना तुला ऊन लागत व्हतं,” वडील म्हणाले. शेठनी दुसरी कोरी जागा वाचली: “शिडीची उंची?” “चार मीटर.” “म्हंजे किती फूट रे?” वडिलांनी विचारलं. “तेरा फूट, दीड इंच.”