कच्चा टाका

पडद्यावर आईच्या हृदयाची रक्तवाहिनी दिसत होती आणि डॉक्टर तिच्यात मी घडवलेली जाळी शोधत होते. पॉलिमरच्या केसाएवढ्या धाग्यांची ती जाळी तीन वर्षांपूर्वी, अरुंद झालेली वाहिनी उघडी धरायला बसवली होती. वाहिनी सावरली की जाळीने विरघळून जायचं, अशी माझी आखणी. पण प्रयोगशाळेत कितीतरी जाळ्या वेळेआधीच विरल्या होत्या. “जाळीचा मागमूसही नाही,” डॉक्टर म्हणाले. वेळेआधीच विरली असेल, तर वाहिनी पुन्हा आकसली असणार. “पण वाहिनी उघडी आहे. बघा, ठोक्यागणिक स्वतःच फुलतेय.” आम्ही तिघंही बघत राहिलो. शिवणकाम करणारी आई शेजारून म्हणाली, “म्हणजे कच्चा टाकाच की. पक्की शिवण बसली, की काढून टाकायचा.” “काढला नाही गं, आपोआप गेला.” सुईने खरखरीत झालेलं बोट तिने छातीवर टेकवलं. “चाळीस वर्षं टाके उसवले,” ती पुटपुटली, “इतका शहाणा दोरा कधी हाती लागला नाही.”