हुदहुदची पिल्लं

घोडेगावची दया लढाईच्या दिवसांत गरोदर होती. नवरा पलटणीत गेलेला. आधीची बाळं पोटातच दगावली होती, म्हणून मिशनच्या नर्सबाईंनी तिला खाटेवरून उठायला बंदी केली होती. दारातून दिसणाऱ्या अंगणातल्या भिंतीच्या भोकातली तुरेवाल्या हुदहुदची पिल्लं हीच तिची सोबत. एका दुपारी पक्षीण किडे आणायला उडाली आणि दांडगा बोका भिंतीशी रचलेल्या सरपणावर चढून भोकाशी पोचला. “आत्याबाई, धावा,” दयानं सासूला हाक मारली, पण ती विहिरीवर होती. न राहवून दया पाय जमिनीला टेकवणार, तोच भोकातून नागासारखा फूत्कार आला आणि पिल्लांनी बूड वळवून घाणेरडी पिचकारी बोक्याच्या तोंडावर मारली. बोका धुळीत तोंड घाशीत पळाला. दया पोट धरून हसत सुटली. परतलेली सासू नाकाला पदर लावून म्हणाली, “लई वास मारतोय.” “मारू द्या, आत्याबाई. समदी जित्ती हायेत.”