पाचपैकी पाच

"आमच्या इमारतीतल्या माणसांनी एकदा मनावर घेतलं ना मॅडम, तर आभाळसुद्धा खाली आणतील," असं म्हणत सेक्रेटरी दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ठेचकाळले. भर दुपारी जिन्यात काळोख होता. मागून येणाऱ्या पाहणीवाल्या बाईंनी त्यांना दंडाला धरून सावरलं.

बाई घरोघर एकच प्रश्न विचारत होत्या. सगळ्यांची मिळून एखादी अडचण असेल, तर इथले लोक एकत्र येऊन ती सोडवतील, यावर तुमचा किती विश्वास? गुण एक ते पाच. शिंप्याने पाच दिले. दातांच्या डॉक्टरांनी पाच देऊन, सहाची सोय नाही का, अशी चौकशी केली. गणिताच्या मास्तरांनी उभ्या जन्मात कुणाला पैकीच्या पैकी दिले नव्हते. त्यांनीही पाच दिले.

"जिन्यातला दिवा कधी गेला?" बाईंनी विचारलं.

"आठ महिने झाले. नवा आणायचा ठराव त्याच दिवशी एकमताने पास. आणलासुद्धा."

लावला का नाही, तेही सेक्रेटरींनी समजावलं. मागे शिंप्याने टाकीचं झाकण एकट्याने बसवलं आणि पुढे दोन वर्षं येता-जाता सगळ्यांना ऐकवलं. तेव्हापासून नियम झाला, की सामाईक कामाला हात लावायचा तो बाराही घरं हजर असताना. एकदा अकरापर्यंत मजल गेली होती. नेमकी तेव्हा डॉक्टरांच्या चिमट्यात कुणाची तरी दाढ होती.

शेवटचं दार तिसऱ्या मजल्यावरच्या मावशींचं. गुडघे अधू, त्यात अंधार, म्हणून दिवा गेल्यापासून त्या खाली उतरल्या नव्हत्या. सख्खी बहीण समोरच्या इमारतीत राहायची. आठ महिने दोघींचं बोलणं खिडकीतून हातवाऱ्यांवर चाललं होतं.

"मावशी, आत्तापर्यंत सगळे पाच आहेत हं. सरासरी बिघडवू नका," एवढं बजावून सेक्रेटरी ही खबर मास्तरांना द्यायला भिंत चाचपत खाली गेले.

"पाचच लिही," मावशी म्हणाल्या. "माणसं एकजुटीची आहेत. आठ महिन्यांत एकानेसुद्धा नियम मोडला नाही."

बाईंनी पाच लिहिले. मावशी आत गेल्या आणि लोकरीच्या मोज्यात जपून ठेवलेला नवा बल्ब घेऊन आल्या. तो सांभाळायला त्यांच्याकडेच दिला होता. त्या कायम घरी असतात म्हणून. दुसऱ्या हातात स्टूल होतं. पायांत चपला होत्या.

त्यांनी जिन्यात एकदा कानोसा घेतला.

"पोरी, तू काही इथली नाहीस," त्या हळूच म्हणाल्या. "जाता जाता तेवढा लावतेस?"